भिंतीवरचे सफरचंद

दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, क्वचित एखाद्या पाकशास्त्राच्या पुस्तकाचेही येते. पण आमच्या वणीत आणि वणीसारख्या शेकडो गावांत जे इंग्रजी वाङ्मय सर्वांत अधिक घरांत पोचले आहे आणि रोज मोठ्याने वाचले जाते, त्याचे परीक्षण कुणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हे वाङ्मय म्हणजे बाजारात थोडक्या पैशांत मिळणारा, चकचकीत कागदावर छापलेला, सव्वीस चौकटींचा अक्षरतक्ता. पहिल्या चौकटीत सफरचंद, शेवटच्या चौकटीत झेब्रा. निर्गुडेच्या काठच्या जुन्या वस्तीत जा की खदानीच्या वसाहतीत जा. ज्या घरात तीन-चार वर्षांचे मूल आहे त्या घरात हा तक्ता खिळ्याला लटकत असलेला दिसणारच.

या तक्त्याला ग्रंथ समजूनच मी त्याचा विचार करणार आहे. आणि त्याच्या जोडीने मुलांना घरी इंग्रजी यावी म्हणून आपण जी गाणी म्हणून घेतो, जी पुस्तके आणतो, त्यांपैकी दोन-तीनांचाही. विषय पोरखेळाचा वाटेल. तसा तो नाही. या इंग्रजीपायी काही घरांतले आई आणि मूल यांच्यातले बोलणेच आटत चालले आहे, आणि ते मी शेजारी राहून पाहिले आहे.

आपली वर्णमाला ज्याने लहानपणी घोकली आहे, त्याच्या मनात अक्षराचे नाव निराळे आणि त्याचा आवाज निराळा अशी शंकाही येत नाही. 'क'चे नाव क आणि आवाजही क. तीच समजूत घेऊन आपण इंग्रजी तक्त्यासमोर उभे राहतो आणि मुलाकडून ए, बी, सी म्हणवून घेतो. ही झाली अक्षरांची नावे. माणसाचे नाव ठाऊक झाले म्हणजे त्याचा आवाज ओळखता येतो असे थोडेच आहे! 'सी' नावाचे हे अक्षर मांजराच्या शब्दात क् म्हणते, शहराच्या शब्दात स् म्हणते. तक्ता तोंडपाठ असलेल्या मुलासमोर 'कॅट' हा शब्द लिहून ठेवा. ते सी-ए-टी म्हणेल, पुन्हा म्हणेल, आणि त्या तीन नावांतून मांजर काही केल्या बाहेर येणार नाही.

त्यातून तक्तेकाराची चित्रांची निवड पाहा. 'आय'ला आइस्क्रीम. मुलाला आवडेल हे खरे. पण शाळेची पहिली वर्षे ज्या आवाजाशी त्याची गाठ पडायची आहे, तो 'आय' नसून 'इन' आणि 'इट'मधला ऱ्हस्व इ आहे. 'जी'ला जिराफ असेल तर ज. मग 'गुड'मधला ग मुलाने कुठून आणावा? आणि 'एक्स'चा झायलोफोन! हे वाद्य वणीत कुणी वाजवताना मी पाहिलेले नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी की त्या शब्दात 'एक्स' आपला आवाज सोडून चक्क झ म्हणतो. खोका आणि कोल्हा या दोघांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी त्याचा खरा आवाज स्वच्छ ऐकू येतो; पण शब्द 'एक्स'नेच सुरू झाला पाहिजे, या हट्टापायी त्यांना तक्त्यात जागा नाही. सफरचंद आणि छत्री ही दोन चित्रे मात्र निर्दोष आहेत, हे मान्य केले पाहिजे.

जाता जाता आमच्या गावाविषयी एक गंमत. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नव्हते, वणी असेच होते. आणि इंग्रजी दप्तरात ते डब्ल्यू-यू-एन असे लिहीत. ज्या कुणी ते पहिल्यांदा लिहिले त्याने आपल्या भाषेच्या रीतीने, ऐकलेल्या आवाजाला जवळची अक्षरे लावली. आज स्थानकाच्या पाटीवर डब्ल्यू-ए-एन-आय आहे. दोन्ही स्पेलिंगे एकाच आवाजाची. अक्षरे आवाजाचे कपडे आहेत आणि कपडे बदलता येतात, हे चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला वणीकरांजवळ इतका घरचा दाखला असताना आपण झायलोफोन कशाला शोधीत बसावे?

खुद्द इंग्लंडातही मुलांना वाचन शिकवावे कसे याविषयी पिढ्यान् पिढ्या वाद चालला. अखेर २००६ साली जिम रोझ यांच्या अहवालाने तिथल्या शाळांत आवाजांवरून वाचनाकडे जाण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. ही पद्धत मराठी आईला परकी नाही. क्, ॲ, ट् असे तुकडे करून ते जोडून दाखवणे, हे बाराखडी शिकलेल्या कानाला सहज जमण्यासारखे आहे. जिथे आपला कान कमी पडतो त्या जागाही थोड्याच: त्यांचे दोन निराळे 'व' आपण एकाच 'व'त भरतो, जिभेचे टोक दातांत धरून काढायच्या आवाजाला आपण 'थ' म्हणून मोकळे होतो. त्याने फारसे बिघडत नाही. मूल पुढे रेडिओवर, पडद्यावर ऐकेल आणि सुधारील.

तक्त्याविषयी माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. त्यात सव्वीस नामे आहेत आणि एकही क्रियापद नाही. सफरचंद आहे, पण ते कुणी खात नाही, कापत नाही, कुणाला देत नाही. झेब्रा उभा आहे तो उभाच आहे. हा तक्ता पाहून आईबापांची अशी समजूत होते की इंग्रजी म्हणजे वस्तूंची इंग्रजी नावे. आणि ती समजूत तक्त्यावरून उतरून घरभर पसरते. मग बसस्थानकावर कानी पडते, "बेटा, काऊ पाय काऊ! काऊले हॅलो कर!" घरात ऐकू येते, "वॉटर पिऊन घे", "हँड धुऊन ये", "बनाना फिनिश कर". ही वाक्ये जरा उलगडून पाहा. वाक्य संपूर्ण मराठी, म्हणजे आमचे वऱ्हाडी. त्यातले नाम तेवढे उचलून त्या जागी इंग्रजी नाम बसवलेले. विहीर तीच, रहाट तोच. बादली तेवढी बदलली. इंग्रजीची जी खरी खुबी, की क्रियापद वाक्याच्या मध्यात येऊन बसते, की आपण टेबलाला मागून जो 'वर' चिकटवतो तो त्यांच्याकडे टेबलाच्या पुढे स्वतंत्र चालतो, की एका गाईला निराळे शेपूट आणि 'त्याच' गाईला निराळे, यातले काहीच त्या मुलाच्या कानावर पडत नाही. इंग्रजी मिळाली नाही ती नाहीच. आणि गाय, हात, पाणी, केळे हे शब्द मात्र घरच्या बोलण्यातून पुसट होत गेले.

भाषांची सरमिसळ वाईट असे माझे म्हणणे नाही. दोन भाषांत वाढणारी मुले सर्रास दोन्हींची भेळ करतात आणि वेळ आली की त्या निवडूनही घेतात. पण त्यासाठी दोन्ही भाषा पुऱ्या, वाहत्या, कानावर पडाव्या लागतात. इथे एक भाषा मोडकी करून दुसरीचे नुसते तुकडे दिले जातात.

आमच्या शेजारी एक कुटुंब आहे. वडील खदानीवर, आई घर सांभाळते, आजी मारेगावकडच्या शेतीवरून आलेली. मुलगी चार वर्षांची. इंग्रजी शाळेत घातली तेव्हा तिच्या आईला सांगण्यात आले की घरी इंग्रजीतच बोला, म्हणजे मूल लवकर तयार होईल. आईने ते मनावर घेतले. तिला जितकी इंग्रजी बोलण्याचा धीर होता तितकी ती बोलू लागली. आणि ती इंग्रजी म्हणजे कम, सिट, ईट, स्लीप, डोन्ट टच. पूर्वी ती मुलीला कडेवर घेऊन अंगणातल्या मुंग्यांची रांग दाखवीत तासभर काहीबाही सांगे. ते सगळे थांबले, कारण मुंग्यांची गोष्ट इंग्रजीत सांगता येईना आणि मराठीत सांगितली तर मुलीचे नुकसान होईल अशी भीती. आईची बोली गेली आणि हुकूम उरले. आजीला तर बजावण्यात आले होते की नातीशी गावठी बोलू नका. म्हातारी मला म्हणाली, "आबाजी, मंग मी काय मुकी बसू का घरात?" मुलगीही हळूहळू कमी बोलू लागली. तिला चार वर्षांची होईतो जेवढे सांगता येत होते तेवढेही आता सांगता येईना. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सगळ्यांना तिचे भलेच हवे होते.

त्या आईविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती तिच्या एकटीची नाही. महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ती पहिलीपासून सक्तीची झाली. वाद पुष्कळ झाला. ज्यांना तो आठवतो ते आता आजीआजोबा झाले आहेत. पण त्या वर्षी पहिलीत बसलेली सहा वर्षांची मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे आणि तिचे मूल बालवाडीत आहे. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी ती हीच. दहा वर्षे जिने हा विषय शाळेत शिकला, परीक्षा दिल्या, ती आज हात जोडून सांगते, "मले इंग्लिश येत नाही." दहा वर्षांत तिला प्रश्नांची उत्तरे लिहिता आली; कुणाशी चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला नाही. आणि आता तीच तहान ती मुलीच्या तोंडी तक्त्याचे थेंब पाडून भागवू पाहते.

वणीत राहून हे पाहावे लागावे याचे मला विशेष नवल वाटते. कारण भाषा कशा येतात हे या गावाइतके कुणाला ठाऊक असणार? वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर, खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कोळशाच्या खदानींनी देशाच्या चारी बाजूंची माणसे इथे आणली. राजूर किंवा उकणीकडच्या एका गल्लीत मराठी, हिंदी, तेलुगू आणि बंगाली अशी बिऱ्हाडे शेजारी शेजारी सापडतात आणि त्यांची पोरे अंधार पडेपर्यंत एकत्र क्रिकेट खेळतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी हिंदीचा तक्ता नव्हता. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले आणि जूनअखेरीस शासनाने आपले निर्णय मागे घेतले. तेव्हा ही पोरे बाद की नाबाद याचे भांडण हिंदीतच करीत होती. चेंडू मागायचा होता म्हणून हिंदी आली. कोलामांच्या पोडांवरून येणाऱ्या मुलांचे तर याहून अवघड. त्यांच्या घरची भाषा कोलामी, तेलुगूच्या कुळातली, आणि ज्या मराठीला आपण मातृभाषा म्हणून मिरवतो ती त्यांना शाळेत नव्याने शिकावी लागते. एखादा कोलाम बाप बाजारात कापसाचा भाव तीन भाषांत करतो. त्याला बहुभाषी म्हणून कुणी हार घालीत नाही.

याच वणीत १८८० साली लोकनायक बापूजी अणे जन्मले. मध्यवर्ती कायदेमंडळात ते बोलले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. हा सारा व्यवहार बव्हंशी इंग्रजीतला. आणि टिळकांवर महाकाव्य लिहायला बसले तेव्हा त्यांनी ते संस्कृतात लिहिले. त्याला १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका भाषेला जागा करून देण्यासाठी दुसरीला घराबाहेर काढावे लागते, हा शोध अलीकडचा असावा.

आता गाण्यांकडे वळू. पावसाला परत जायला सांगणारे ते इंग्रजी बालगीत आपल्याकडे घरोघर म्हटले जाते, आणि त्यावर टीका करण्याचीही एक रूढी पडून गेली आहे: त्यांच्या देशात पाऊस नको असतो, आपल्याकडे तो देव, आपले गाणे त्याला पैसा देऊन बोलावते आणि हे त्याला हाकलते, वगैरे. कोरडवाहू कापसाच्या मुलखात ही टीका मनाला भिडते खरी, पण मला ती पटत नाही. मुलाला बाहेर खेळायचे असते तेव्हा वणीच्या मुलालाही पाऊस नकोच असतो. गाण्याचा दोष त्याच्या अर्थात नाही; तो अर्थ मुलापर्यंत कुणी पोचूच देत नाही, यात आहे. पाहुणे आले की मुलाला मधोमध उभे करायचे, "म्हणून दाखव" म्हणायचे, त्याने हात हलवीत घडाघडा म्हणायचे, टाळ्या पडायच्या, आणि बिस्किट घेऊन त्याने पळायचे. तो काय म्हणाला हे त्याला कुणी विचारीत नाही. पाहुण्यांनाही ते जाणून घ्यायचे नसते. हेच गाणे खिडकीशी बसून, खरा पाऊस पडत असताना म्हणा. मुलाला विचारा, तुला काय वाटते, जावा की राहावा? मग ते गाणे भाषा होते. हातवाऱ्यांची, अंगविक्षेपांची गाणी तर याहून उपयोगाची, कारण त्यांत क्रियापद मुलाच्या अंगात शिरते. उडी मार म्हटले की उडी मारायची, वळ म्हटले की वळायचे. बालभारतीची पहिलीची इंग्रजी पुस्तके गाण्यांना आणि कृतींना जागा देतात ती या विचारानेच. घरी मात्र त्यांतून गाळलेल्या जागा आणि शब्दार्थ तेवढे वेचून घेतले जातात.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांची इंग्रजी त्या पाठमालेवर उभी राहिली. तिचा मोठा गुण असा, की ती मराठी वाक्याला मान देते. आधी मराठीत नीट बोला, मग त्या वाक्याचा कुठला अवयव इंग्रजीत कुठे जाऊन बसतो ते पाहा, असा तिचा कारभार. पण ती ज्यांना मराठी व्याकरण येते अशा मोठ्या मुलांसाठी आहे. बालवाडीतल्या पोरापुढे ती ठेवणारे काही हौशी आजोबा माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना मी लांबूनच नमस्कार करतो. तिशीतल्या त्या आईने मात्र ती स्वतःसाठी जरूर उघडावी.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा लेख मनात घोळवीत होतो त्याकडे येतो. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे हे पुस्तक १९६९ साली निघाले. नायिका एक भुकेली अळी. पानावरच्या अंड्यातून ती रविवारी बाहेर येते आणि खायला शोधू लागते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री असे पोखरीत जाते. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी, तरीही तिची भूक भागली नाही अशा अर्थाचे तेच वाक्य परत येते. शनिवारी ती भलभलते खाते आणि तिचे पोट दुखते. मग एक हिरवे पान, मग कोश, मग पंख पसरलेले मोठे फुलपाखरू. प्रत्येक फळाला खरेखुरे भोक पाडलेले आहे, बोट घालता येईल असे.

तक्त्यावरचे सफरचंद इथेही पहिले आहे. फरक एवढाच, की इथे ते कुणीतरी खाल्ले आहे. नामाला क्रियापद भेटले, आणि लगेच 'मग काय झाले?' हा प्रश्न जन्माला आला. मुलगी चार वर्षांची असो की चाळीस, भाषा ऐकत राहायचे कारण हा प्रश्न. शिवाय तीच वाक्यरचना पाच दिवस पाच वेळा येते. फळ आणि आकडा तेवढा बदलतो. पाठांतर न करवता पाठ व्हावे अशी ही योजना आहे, आणि ती करणाऱ्याला भाषा बदलणे म्हणजे काय हे ठाऊक होते. कार्ल अमेरिकेत जन्मला, सहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर जर्मनीला गेला आणि इंग्रजी सोडून जर्मन शाळेत बसला. कमी शब्दांत आणि पुष्कळ चित्रांत गोष्ट सांगण्याची त्याची असोशी तिथली असावी असे मला वाटते.

नागपुराहून आणवलेली माझी प्रत मी शेजारी दिली. देताना आईला एवढेच सुचवले की इंग्रजी वाक्य छापील आहे तसे वाचा आणि चित्रावर बोलायचे ते मराठीत बोला, हवे तितके बोला. दोन संध्याकाळी मीही ओसरीवर बसलो होतो. आई पहिल्यांदा अडखळत वाचत होती. छापील वाक्य समोर असल्यामुळे ते चुकण्याची भीती नव्हती, हे तिच्या लवकर ध्यानात आले. संत्री येताच मुलीने पाचही मोजली. नागपूर-अमरावतीच्या मुलखात संत्र्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आलुबुखारावर कुणालाच काही सांगता येईना, ते सोडून दिले. मग पोरीने भोकात बोट घातले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आबाजी, हे आमच्या पऱ्हाटीतली अळी व्हय का?"

या प्रश्नाने पुस्तक आजीच्या हातात गेले. पऱ्हाटीतल्या अळीविषयी त्या घरात तिच्याइतके कुणाला माहीत होते? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस कसा खाल्ला, बोंड वरून चांगले दिसे आणि फोडले की आत सरकी पोखरलेली, भोक केवढे असे, वेचणीला गेलेल्या बाया काय म्हणत, ते सारे तिने तिच्या बोलीत सांगितले. नात तोंड उघडे टाकून ऐकत होती. शेवटचे फुलपाखरू पाहून मात्र म्हातारी थबकली. बोंडअळीचे असे रंगीत पाखरू होत नाही. तिचा होतो तो मातकट, बारीकसा पतंग, शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यांत अडकतो तो. इथे म्हातारीच्या नकळत ती एका जुन्या वादाच्या जवळ जाऊन पोचली होती. कार्लने फुलपाखरासाठी जो इंग्रजी शब्द वापरला तो धागे विणून केलेल्या कोशाचा, म्हणजे पतंगांकडचा. फुलपाखराच्या कोशाला इंग्रजीत निराळा शब्द आहे, आणि जाणत्या वाचकांनी ही चूक अनेकदा दाखवली आहे. आपण दोन्हींना कोशच म्हणतो. मराठीत ती चूक होऊच शकत नाही. मराठीत तो भेदही दिसत नाही.

आणखी एक मौज दुसऱ्या संध्याकाळी निघाली. इंग्रजीत ती अळी पहिल्यापासून अखेरपर्यंत 'ही' आहे, म्हणजे 'तो'. मुलीला हे पटेना. आमच्याकडे अळी ती, कोश तो आणि फुलपाखरू ते. एकाच जिवाला एका जन्मात तिन्ही लिंगे! आई हसू लागली. तिने दहा वर्षे शाळेत सर्वनामे गिरवली होती, पण ती इतकी जिवंत होऊन समोर आली नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी आईने मला सांगितले की रात्री ताटावरून उठताना पोरीने अळीचे ते परत परत येणारे वाक्य स्वतःच्या पोटाला लावले: 'ही'च्या जागी 'आय' घातले, 'वॉज' तसेच राहू दिले. व्याकरण तपासणारा त्यावर लाल शाई ओढील. मला विचाराल तर तिचे स्वतःचे असे ते पहिले इंग्रजी वाक्य.

चित्रपुस्तक असे वाचण्यात काही जादू नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही आईबापांना शिकवले की मुलाला नुसते वाचून दाखवू नका. चित्रावर उघडे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात भर घालून ते त्याला परत द्या. एका महिन्यात त्या मुलांचे बोलणे, नुसते वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेले. आता हे प्रश्न कोण विचारणार? जिला ज्या भाषेत सुचतात ती, त्या भाषेत. आजीने सरकीची गोष्ट सांगितली नसती तर ते इंग्रजी पुस्तक त्या घरात तिसऱ्या दिवशी फाटले असते.

परदेशी पुस्तक महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. पण हल्ली प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असलेल्या गोष्टी फुकट वाचायला मिळतात, आणि फोन नसलेले घर वणीत शोधावे लागेल. तोच फोन मुलाच्या हाती देऊन गाण्यांचा नळ सोडून ठेवणे आणि आईने मांडीवर घेऊन त्यातले एक चित्र दाखवणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, एवढे सांभाळले म्हणजे झाले. शासनानेही २०२२ मध्ये पहिलीच्या वर्गात मराठी मजकुराबरोबर सोपी इंग्रजी देणारी द्विभाषिक पुस्तके आणली होती. कल्पना चांगली होती. तिचा भर शब्दांवर जास्त आणि गोष्टीवर कमी पडला, असे माझे मत.

त्या शेजारणीकडे आता मुंग्यांची रांग पुन्हा दाखवली जाते. शाळेत विचारले तर ती म्हणते, "हाव, घरी इंग्लिश वाचतो आम्ही", आणि त्यात खोटे काही नाही. पण मुलीने परवा अडचण निर्माण केली. तिला पऱ्हाटीच्या अळीचे इंग्रजी पुस्तक हवे आहे, आलुबुखाराचे नको. मी शोधले, मला मिळाले नाही. आपल्या भागात इंग्रजी शिकवणारे शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, चित्रे काढणारी मुले-मुली तर घरोघर आहेत. निर्गुडेचा पूर, कोळशाच्या ट्रकांची रांग, रंगनाथस्वामींचे देऊळ, वेचणीची ओटी हे सारे मराठीतही पुरतेपणी चित्रात आलेले नाही. मग इंग्रजीत कुठून येणार? कुणी मनावर घेतले तर पानांवर मजकूर थोडा असला तरी चालेल, सोमवारी एक पान, मंगळवारी दोन पाती, बुधवारी तीन फुले इतकाच. चित्रकाराने मात्र बोंडाला खरे भोक पाडावे, चार वर्षांच्या मुलीचे बोट जाईल एवढे.